पुण्याचा ख्रिस्ती वारसा : मार्गदर्शकासह एका दिवसाची यात्रा

परगावाहून किंवा परदेशातून पुण्यात येणारा पाहुणा एका दिवसात शहर पाहू इच्छितो, तेव्हा त्याला शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि आगाखान पॅलेस दाखवले जातात. ‘पुणे दर्शन’च्या बसनेही अनेक पिढ्यांना हीच स्थळे दाखवली आहेत. या मार्गात चर्चचा समावेश सहसा नसतो. कोणी मुद्दाम विचारलेच, तर कॅम्पातील एखाद्या जुन्या वास्तूकडे बोट दाखवून ‘हे इंग्रजांच्या काळातले’ एवढेच सांगितले जाते.

हे विधान अपुरे आहे. पुणे शहरातील कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा आरंभ इंग्रजांच्या छावणीत झाला नाही. तो पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर, इंग्रजी अंमल येण्यापूर्वी पंचवीस वर्षे झाला. ही गोष्ट आपल्याच धर्मग्रामांतील अनेकांना ठाऊक नसते. म्हणून वाचकांच्या माहितीसाठी, आणि पाहुण्यांसोबत शहर फिरणाऱ्या धर्मभगिनी, शिक्षक व युवकांच्या उपयोगासाठी, एका दिवसात पाहता येईल अशा वारसा-यात्रेची ही माहिती येथे देत आहोत. मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे पेठांतून कॅम्पात आणि तेथून नगर रस्त्याकडे जातो.

पहिला थांबा : शनिवारवाडा

यात्रेचा आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. चर्चच्या यात्रेचा आरंभ वाड्यापासून का, असे कोणी विचारील. कारण हे की, ज्यांनी जमीन दिली त्यांचे घर पाहिल्याशिवाय त्या देणगीचा अर्थ कळत नाही.

थोरल्या बाजीरावांनी १७३० साली या वाड्याची पायाभरणी केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. आज तटबंदी, दिल्ली दरवाजा, बुरूज, जोती आणि कारंजी एवढेच पाहावयास मिळते. येथे मार्गदर्शकाने दोन घटना सांगाव्यात.

पहिली घटना १७३९ ची. बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकून घेतली. त्या मोहिमेनंतर वसईकडील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथे त्या आजही पाहता येतात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृती आहे.

दुसरी घटना १७९२ ची. त्या वेळी सवाई माधवराव पेशवे गादीवर होते. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार नाना फडणवीस पाहत. पेशव्यांच्या सैन्यात ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारीही होते. त्यांच्या उपासनेसाठी शहराच्या पूर्वेस पेशव्यांनी जमीन दिली. वसईच्या युद्धाला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. ज्या राजघराण्याच्या सैन्याने चर्चच्या घंटा नेल्या, त्याच घराण्याने आपल्या राजधानीत चर्चला जागा दिली. या दोन्ही गोष्टी इतिहासात घडल्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एक सांगून दुसरी लपवणारा मार्गदर्शक पाहुण्याची फसवणूक करतो.

दुसरा थांबा : सिटी चर्च, नाना पेठ

शनिवारवाड्यापासून वाहनाने थोड्याच वेळात आपण क्वार्टर गेटजवळील निष्कलंक गर्भसंभवी पवित्र मरियेच्या चर्चमध्ये पोहोचतो. सर्व पुणेकर त्याला ‘सिटी चर्च’ म्हणतात. हे पुणे शहरातील सर्वांत जुने चर्च आहे. या जागेसाठी पेशव्यांकडे विनंती करणारा म्हणून दों मिगेल द नोरोन्या या पेशव्यांच्या पदरी असलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचे नाव परंपरेने सांगितले जाते. सुरुवातीचे प्रार्थनामंदिर साधे होते. आजची वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची आहे.

येथे पाहुण्यांना दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. पहिली अशी की, १७९२ मध्ये पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता, पण राज्य पेशव्यांचे होते. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. म्हणजे हे चर्च उभे राहिले तेव्हा त्यातील भाविक एका हिंदू राज्यकर्त्याची चाकरी करणारे शिपाई होते. त्यांनी आपल्या धन्याकडे उपासनेसाठी जागा मागितली आणि धन्याने ती दिली.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण टाळू नये. या चर्चची सेवा गोव्याकडून येणाऱ्या धर्मगुरूंनी केली, कारण ते पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या ‘पाद्रोआदो’ या अधिकाराखाली होते. पुढे इंग्रजी छावणीत झालेली चर्चे रोमहून नेमलेल्या मुंबईच्या विकार अपोस्तोलिकांच्या अधिकारात आली. अशा रीतीने एकाच गावात दोन अधिकारक्षेत्रे निर्माण झाली. या वादाने पश्चिम भारतातील ख्रिस्तसभा दीर्घकाळ दुभंगलेली होती. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना केली, तेव्हा पुणे धर्मप्रांताचीही स्थापना झाली. येशूसंघीय बर्नार्ड बायडरलिंडेन हे पहिले महागुरुस्वामी झाले.

सिटी चर्च हे केवळ स्मारक नाही. येथे दररोज मिस्सा होते, विवाह आणि अंत्यविधी होतात. उपासना चालू असताना पाहुण्यांनी मागील बाकांवर शांत बसावे आणि छायाचित्रे घेऊ नयेत.

तिसरा थांबा : पंचहौद, गुरुवार पेठ

सिटी चर्चपासून जवळच गुरुवार पेठेत होली नेम हे अँग्लिकन परंपरेतील चर्च आहे. परिसरातील पाण्याच्या पाच हौदांवरून लोक त्याला ‘पंचहौद’ म्हणतात. काउली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मसंघाने १८८५ मध्ये ही वास्तू उभारली. हे चर्च आज उत्तर भारत चर्चकडे आहे. दगडी बांधणी आणि पेठेतील घरांच्या वर दिसणारा उंच घंटामनोरा लक्ष वेधून घेतो.

कॅथॉलिक पाहुण्यांना हे चर्च दाखवण्याचे कारण केवळ वास्तुकलेचे नाही. मराठी ख्रिस्ती विचाराचा मोठा प्रवाह या मिशनच्या आवारातून गेला आहे. नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे यांचा काउली फादर्सशी निकटचा संबंध होता. पंडिता रमाबाईंचा परिचय पुण्यातच वाँटेजच्या धर्मभगिनींशी झाला. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या आवाराशी निगडित आणखी एक प्रसंग प्रत्येक मार्गदर्शकाने सांगितला पाहिजे. १८९० मध्ये मिशनने शहरातील काही प्रतिष्ठित गृहस्थांना एका समारंभाला बोलावले. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. समारंभात चहा-बिस्किटे दिली गेली. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध झाली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून शहरात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि टिळक व रानडे यांच्यासह अनेकांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

एक कप चहासाठी एवढे रामायण, असे म्हणून आपण आज हसतो. परंतु सिटी चर्चनंतर लगेच हा प्रसंग ऐकला की त्याचे गांभीर्य जाणवते. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराच्या राज्यकर्त्याने ख्रिस्ती उपासनेला जमीन दिली होती, त्याच शहरात ख्रिस्ती घरी चहा पिणे अपराध ठरले. मधल्या काळात परकी सत्ता आली होती, धर्मांतराचे वाद पेटले होते आणि ख्रिस्ती धर्म राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून ओळखला जाऊ लागला होता. दोष एकाच बाजूचा होता असे मानणे सोपे आहे, पण ते सत्य नाही.

चौथा थांबा : कॅम्प

दुपारच्या भोजनानंतर कॅम्पात जावे. इंग्रजी छावणीतून वाढलेल्या या भागात तीन वास्तू पाहाव्यात.

ओहेल डेव्हिड सिनेगॉग हे यहुदी प्रार्थनामंदिर १८६७ मध्ये पूर्ण झाले. बगदादहून आलेल्या घराण्यातील दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधवून घेतले. ससून रुग्णालयाला याच घराण्याचे नाव आहे. तांबड्या विटांमुळे आणि चर्चप्रमाणे दिसणाऱ्या उंच मनोऱ्यामुळे पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. बाहेरून चर्च, नावाने देऊळ आणि आत यहुदी उपासना, असा हा पुण्याचा संगम आहे. डेव्हिड ससून यांचे दफन आवारातच झाले आहे. सुरक्षेच्या कारणास्तव येथे पूर्वपरवानगी आणि ओळखपत्र आवश्यक असते. मार्गदर्शकाने ही तजवीज आधीच करावी.

सेंट मेरीज चर्च हे अँग्लिकन चर्च १८२५ मध्ये समर्पित झाले. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी तो विधी केला. हे दख्खनमधील सर्वांत जुन्या अँग्लिकन चर्चपैकी एक आहे. आतील भिंतींवर लष्करी अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांचे स्मृतिफलक आहेत. ते सावकाश वाचावेत. लढाईपेक्षा ताप आणि पटकीने गेलेल्या तरुणांची व लहान मुलांची नावे वाचली की छावणीतील जीवनाची वेगळी बाजू समोर येते.

सेंट पॅट्रिक्स कॅथिड्रल हे पुणे धर्मप्रांताचे महामंदिर एम्प्रेस गार्डन व रेसकोर्सच्या परिसरात आहे. ते १८५० मध्ये बांधण्यात आले. इंग्रजांच्या सैन्यातील आयरिश कॅथॉलिक शिपायांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली आणि आपल्या मायभूमीच्या संताचे नाव चर्चला दिले. हे शिपाई साम्राज्याचे सैनिक असले, तरी आपल्या देशात ते स्वतःच पारतंत्र्यात होते. १८५० साली आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळाचे घाव ताजे होते. त्या शिपायांच्या वर्गणीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे.

१८५४ पासून पुणे परिसराची धुरा जर्मन येशूसंघीयांकडे आली. १८६७ मध्ये सुरू झालेले सेंट व्हिन्सेंट हायस्कूल ही त्यांच्याच कार्याची साक्ष आहे. १९८४ च्या पावसाळ्यात कॅथिड्रलचे छत कोसळले आणि वास्तूची पुनर्बांधणी करावी लागली. जुन्या आणि नव्या बांधकामातील फरक पाहुण्यांना दाखवावा. वारसा आपोआप टिकत नाही, तो टिकवावा लागतो, हे त्यावरून कळते.

पाचवा थांबा : आगाखान पॅलेस

कॅम्पातून नदी ओलांडून नगर रस्त्याला लागले की येरवडा परिसरात आगाखान पॅलेस येतो. सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान यांनी १८९२ मध्ये तो बांधला. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर महात्मा गांधी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई आणि सरोजिनी नायडू यांना येथे स्थानबद्ध करण्यात आले. महादेवभाईंचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ मध्ये चौथे आगाखान यांनी ही वास्तू भारतीय जनतेला अर्पण केली.

एका मुस्लिम धर्मप्रमुखाने बांधलेल्या वास्तूत एका हिंदू सत्पुरुषाच्या पत्नीची समाधी आहे. येथे बोलण्यापेक्षा काही क्षण मौन पाळणे अधिक योग्य होय.

सहावा थांबा : पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप

नगर रस्त्यानेच थोडे पुढे रामवाडी येथे यात्रेचा शेवट करावा. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे भारतीय धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी स्थापन केली. भारताच्या पुत्रांनीच भारताला तारणाची वार्ता द्यावी, हा त्यामागील हेतू तिच्या ब्रीदवाक्यात व्यक्त झाला आहे. ही सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. तिच्या शेजारी तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचे ज्ञानदीप विद्यापीठ आणि येशूसंघीयांचे दे नोबिली कॉलेज आहे. भारताच्या निरनिराळ्या राज्यांतील विद्यार्थी येथे शिकतात आणि मग आपापल्या धर्मप्रांतांत सेवेस जातात.

रॉबर्ट दे नोबिली (१५७७–१६५६) यांनी तमिळनाडूत भारतीय वेष, आहार आणि भाषा स्वीकारून सुवार्ता सांगितली. त्यांचेच समकालीन फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. पुण्यातही ही परंपरा पुढे चालत राहिली. शनिवार पेठेतील स्नेहसदन येथे जर्मनीहून आलेले येशूसंघीय फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी मराठी संस्कृती व हिंदू विचारवंतांशी संवादाचे दीर्घ कार्य केले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि कॅथॉलिक धर्मभगिनी १९७० च्या दशकात एकत्र राहू लागल्या. सिस्टर सारा ग्रँट यांचे अद्वैत वेदान्तावरील चिंतन तेथेच फुलले. ज्यांच्याकडे दुसरा दिवस असेल त्यांनी ही दोन स्थळे अवश्य पाहावीत.

मार्गदर्शकासाठी काही सूचना

१. गट लहान असावा. आठ-दहा जणांपर्यंत असल्यास चर्चमध्ये हलक्या आवाजात बोलूनही सर्वांना ऐकू जाते.

२. प्रत्येक चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंना आधी कळवावे. रविवारी आणि सणाच्या दिवशी ही यात्रा ठेवू नये. उपासनेचा मान पाहुण्यांच्या सोयीपेक्षा मोठा आहे.

३. वाहनाची सोय नसल्यास मेट्रोचा उपयोग होतो. वनाज–रामवाडी मार्ग २०२४ पासून रामवाडीपर्यंत पूर्ण झाला आहे. त्याच वर्षी स्वारगेटकडे जाणाऱ्या भूमिगत मार्गावर कसबा पेठ स्थानक सुरू झाले आणि शनिवारवाडा अगदी जवळ आला. पेठांतील अंतर रिक्षाने किंवा पायी जावे.

४. स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात भोजनाची व्यवस्था होऊ शकल्यास उत्तम. पंचहौदच्या चहाची कथा ऐकून आलेल्या पाहुण्यांना त्या भोजनाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

५. जे निश्चित ठाऊक आहे तेच सांगावे. कथा रंगवण्यासाठी सनावळ्या आणि चमत्कार जोडू नयेत.

हा वारसा कोणाच्या हाती?

या यात्रेत आपण ज्या वास्तू पाहतो, त्यांपैकी शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस यांची देखभाल शासन करते. चर्चची जबाबदारी मात्र आपल्यावर, म्हणजे त्या त्या धर्मग्रामावर आहे. खरा धोका छताला किंवा भिंतीला असतो त्यापेक्षा स्मरणाला अधिक आहे. दफनभूमीतील शिलालेख दर पावसाळ्यात पुसट होत जातात. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांचा कागद ठिसूळ होतो. त्या पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत असल्या तर वाचणारेही दुर्मिळ होत आहेत. गोव्यातून आलेली कोंकणी कुटुंबे, मराठवाडा व अहिल्यानगर भागातून आलेली मराठी कुटुंबे आणि तमिळ व मलयाळी भाविक एकाच वेदीभोवती जमतात, पण ते येथे कसे आले हे त्यांच्या मुलांना सांगणारे वडीलधारे हळूहळू निघून जात आहेत.

आपण आपली कथा सांगितली नाही, तर ती दुसरे कोणी सांगेल आणि अर्धवट सांगेल. ‘तुमचा धर्म इंग्रजांबरोबर आला’ असे एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या वर्गमित्राने म्हटले, तर त्याने न रागावता एवढेच सांगावे : आमच्या पहिल्या चर्चची जमीन सवाई माधवरावांनी दिली. हे उत्तर देता येण्यासाठी ते त्याला आधी कोणीतरी शिकवले पाहिजे.

याकरिता मोठा निधी लागत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने दोन युवकांना आपल्या चर्चचा इतिहास अभ्यासण्यास सांगावे. चर्चच्या दाराशी मराठीत एक माहितीफलक लावावा. शिलालेखांची छायाचित्रे काढून नावे उतरवून घ्यावीत आणि नोंदवह्यांच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात. पहिली धर्मशिक्षण सहल दूरच्या तीर्थस्थानी न नेता सिटी चर्चला न्यावी. ज्या भूमीवर एका राज्यकर्त्याने आपल्या पूर्वजांना गुडघे टेकण्यास जागा दिली, तेथे उभे राहून मुलांनी त्या दात्यासाठी आणि या शहरासाठी एक प्रार्थना म्हणावी. कृतज्ञता हा ख्रिस्ती सद्गुण आहे, आणि पुणेकर ख्रिस्ती समाजाला ती व्यक्त करण्यास पुरेसे कारण आहे.